मामा, तुमची तंबाखू अखेर जमली

मामा, ट्रंकेची किल्ली मामीनं शेवटपर्यंत दिली नाही, याचा राग मनात ठेवू नका. नियम तुमचाच होता. शिवरात्रीच्या आसपास तुम्हीच ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली मामीच्या हातात दिली आणि साक्षीदार म्हणून मला फोनवर घेतलं. "सुजे, ऐक. म्या किल्ली हिला देऊन राहिलो. पोळ्यापस्तोर म्या कितीबी मागितली, रडलो, पाया पडलो, तरी हिनं द्यायची न्हाई."

मागून मामीचा आवाज आला, "पाया पडा आधी, मग बघू."

पोळा यायच्या आधीच तुम्ही गेलात. ट्रंक अर्धापूरच्या घरात तुमच्या बाजेखाली तशीच बंद राहिली. आत होत्या परसात पिकवलेल्या, तुमच्या हातानं वाळवलेल्या तंबाखूच्या जुड्या. माणूस गेलं की घरच्यांपुढे पुष्कळ प्रश्न उभे राहतात. आपल्या घरात पहिल्या दिवसापासून हा एक प्रश्न होता आणि तो कुणी बोलून दाखवत नव्हतं, की त्या ट्रंकेचं काय करायचं. उघडायची, तर आतला माल कुणीतरी खाऊन बघावा लागणार. आणि तो कसा असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं तुमच्या तोंडावर सांगायची मात्र कुणाची हिंमत झाली नव्हती.

आता लिहूनच सांगते. मामा, तुमची तंबाखू फार वाईट असायची.

हे मी सांगावं हा विनोदच आहे. मी कधी तंबाखू खाल्लेली नाही. रेणापूरकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीची प्रमुख आहे. 'तंबाखूचे दुष्परिणाम' या विषयावर माझं भाषण दरवर्षी होतं, आणि ते मला पाठ आहे. पण ते भाषण करायला उभी राहण्याइतकी मी शिकले, ती तुमच्यामुळे. माझे आईबापू वीटभट्टीवर कामाला. भट्टी हलली की बिऱ्हाड हलायचं, बिऱ्हाड हललं की माझी शाळा. एका दिवाळीला तुम्ही हदगावकडच्या भट्टीवर आलात, माझं दप्तर उचललं आणि आईला म्हणालात, "भट्टी हलू दे. हिची शाळा आता हलायची न्हाई." त्यानंतर मी तुमच्याच घरी वाढले.

तुम्ही लाईनमन. मोटारसायकलच्या एका बाजूला शिडी बांधलेली, दुसऱ्या बाजूला मी बसलेली. नांदेडच्या कॉलेजात माझ्या प्रवेशासाठी गेलो, तेव्हा तुमच्या कमरेची पक्कड बघून तिथला कारकून म्हणाला, "बरं झालं आलात, कवापासून ट्यूब बंद पडून राहिली." तुम्ही सरळ स्टुलावर चढलात. ट्यूब लावली, बटण दाबून बघितलं, खाली उतरून हात झटकले आणि मग म्हणालात, "आता ह्या पोरीचा फॉर्म द्या." आपल्या दोन्हीकडच्या घरांतली पहिली पदवी त्या ट्यूबच्या उजेडात सुरू झाली. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. तंबाखूचं सांगत नाही.

तुमच्या तंबाखूचं सगळं दुखणं तुमच्या धंद्यात होतं, असं मला वाटतं. लाईनमनचा हिशेब सरळ. तार जोडली की दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर पुन्हा खांबावर चढायचं आणि बघायचं. तंबाखूचं पान तसं नसतं. ते खुडून सावलीत टांगलं की हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी आपल्या चालीनं होतं. मग जुड्या बांधून, दाबून, बंद ठेवायच्या, की आतल्या आत पान मऊ पडतं, उग्रपणा जातो, वास धरतो. या सगळ्यात माणसानं करायचं काम एकच, गप्प बसणं. तेवढं एक काम तुम्हाला येत नव्हतं.

रिटायर झाल्यावर तुम्ही तंबाखूच्या मागे लागलात. तोवर गावात कुणाचीही लाईट गेली की "लाईनमन, ओ लाईनमन" म्हणून हाक यायची. नोकरी संपली आणि हाका दुसऱ्याच्या दाराशी गेल्या. त्याच उन्हाळ्यात निलंग्याकडच्या एका सोयऱ्यानं तुम्हाला कागदाच्या पुडीत चिमूटभर बी दिलं. मोहरीहून बारीक. शिंक आली असती तर आपलं घर वाचलं असतं.

पहिल्या वर्षी रोपं जोमात आली. पानं सुपाएवढी, हाताला चिकट. मामी म्हणाली, "अळू असतं तर वड्या तरी झाल्या असत्या." तुम्ही पानं खुडली आणि नोकरीतली उरलेली ॲल्युमिनियमची तार गच्चीवर ताणून भर उन्हात टांगली. दोनच दिवसांत पानं कडकडीत वाळली. रंग हिरवाच राहिला. हात लावला की भुगा. तो तुम्ही चाळणीनं चाळलात, चंचीत भरलात आणि ओट्यावर जाऊन बसलात.

ओट्यावर गुरुलिंगअप्पा होते. आपल्या समोर, रस्त्यापलीकडे त्यांचं किराणा दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं एकदम मोकळं. तुमची त्यांची दोस्ती माझ्या शाळेच्या आधीपासूनची. रोज दुपारी दुकान मुलावर टाकून अप्पा आपल्या ओट्यावर यायचे, तुमच्याशी भांडायचे आणि जायचे. पण आपल्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं. मामी दरवेळी विचारायची. दरवेळी अप्पा म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो, वैनी." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांच्या घरची जुनी रीत होती आणि ती मोडायला त्यांना निमित्त सापडत नव्हतं. आपण बौद्ध माणसं, आपल्याला कारण विचारायची गरज नव्हती. तुम्ही तो विषय कधी काढला नाही. मामी मात्र अप्पा गेल्यावर तांब्या आत ठेवताना म्हणायची, "ह्यांचं दुकान हाय का पाणपोई?"

त्या दुपारी तुम्ही अप्पांच्या तळहातावर तुमचा पहिला माल ठेवला. अप्पांनी चुना लावून मळला, फुंकला, ओठाखाली धरला. मी दारात बसून पेपर तपासत होते, सुट्टीला आले होते. अप्पांचे आधी कान लाल झाले. मग डोळ्यांतून पाणी. मग ते उठले, बसले, पुन्हा उठले, ओट्याखाली थुंकले आणि गळा धरून ओरडले, "वैनी! पाणी! पाणी आणा!"

मामी तांब्या घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. अप्पांनी तिच्या हातातला तांब्या ओढून घेतला. वरून प्यायचीसुद्धा शुद्ध नव्हती. तोंड लावून, घटाघटा, सगळा तांब्या संपवला. म्हणाले, "अजून." मामीनं अजून आणला. तोही प्याले.

रिकामा तांब्या अप्पांच्या हातात होता आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. तुम्ही चंचीची दोरी गुंडाळत खाली मान घालून म्हणालात, "पुढच्या वर्षी अजून कडक करतो, अप्पा."

अप्पा इतके हसले की त्यांना पुन्हा ठसका लागला आणि तिसरा तांब्या आणावा लागला. दुसऱ्या दिवशी येऊन ते पायरीवरूनच म्हणाले, "वैनी, लाईनमनची तंबाखू खायची तर आधी च्या टाका पोटात." तेव्हापासून आपल्या घरी रोज दुपारी चहाला एक कप वाढला.

त्यानंतर दरवर्षी तुम्ही तंबाखू लावली, आणि दरवर्षी ती नव्या पद्धतीनं बिघडवलीत. ऊन चुकीचं आहे हे मी सांगितल्यावर तुम्ही न्हाणीघरात पानं टांगली, खिडकीला गोणपाट लावलं आणि मोठा बल्ब पेटवून ठेवला. घरची माणसं आठवडाभर अप्पांच्या घरी आंघोळीला. त्या वर्षीच्या तंबाखूला अंगाच्या साबणाचा वास होता. अप्पा म्हणाले, "खाल्ल्यावर स्वच्छ वाटून राहिलं." एका वर्षी तुम्ही अर्धी ओली पानं खताच्या प्लास्टिकच्या गोणीत कोंबलीत. उघडली तेव्हा त्यांच्यावर पांढरी लव आली होती. मी म्हणाले, मामा, ही बुरशी आहे, फेकून द्या. तुम्ही म्हणालात, "मोहर हाय, मोहर." ती मात्र मी स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकली आणि तुम्ही माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नाहीत. एका वर्षी गुळाचं पाणी शिंपडलंत, तेव्हा मुंग्यांनी पानं तारेवरूनच नेली.

आणि ते पापडाचं. हवेत ओल असेल तेव्हाच वाळलं पान हाताळावं, नाहीतर चुरा होतो, असं मी कुठंतरी वाचून तुम्हाला सांगितलं होतं. ओल मोजायला मी शाळेतलं यंत्र आणते म्हटलं. तुम्हाला धीर कुठला? तुम्ही मामीचा उडदाचा पापड चिमट्यानं तारेला टांगलात. पापड वाकला की हवा ओली, अशी तुमची युक्ती. पापड रात्रीतून उंदरानं खाल्ला. तुम्ही दुसरा लावलात. मामी म्हणाली, "तुझ्या मामाची तंबाखू उंदीरसुदिक खाईना. बाजूला पापड ठिवावा लागून राहिला."

वाईट माल सांभाळून ठेवायचीही तुम्हाला सवय. पण मामीनं त्याचा उपयोग शोधला होता. दरवर्षी उरलेल्या जुड्या ती फडक्यात बांधून ज्वारीच्या कोठीत टाकायची. गल्लीत सगळ्यांच्या ज्वारीला किडे लागायचे, आपल्या नाही. तुमच्या तंबाखूबद्दल खरं मत फक्त त्या किड्यांनी दिलं. बाकी आम्ही सगळे म्हणायचो, "यंदा बरी झाली."

तुमचा एकच दाखला होता, पोलिसाचा. माझ्या आईसाठी जुड्या घेऊन तुम्ही हदगावला निघालात आणि वाटेत एका नव्या शिपायानं गाडी थांबवली. पोत्यातला वाळका पाला बघून तो म्हणाला, "गांजा का?"

"तंबाखू हाय साहेब. घरची."

"समदे असंच सांगतात."

"मग खाऊन बघा की."

त्यानं खाल्ली. थोड्या वेळानं जवळच्या हॉटेलातल्या हौदावरून तोंड धुऊन तो परत आला. म्हणाला, "जा काका. गांजा न्हाई हे. गांजा मागायला तरी लोकं येतात." हे तुम्ही घरोघर सांगत फिरलात, वर म्हणायचात, "पोलिसानं तपासून पास केलेली हाय."

तुमच्या चंचीला दोन कप्पे होते. बाहेरच्या कप्प्यातून तुम्ही दुसऱ्यांना द्यायचात. स्वतः खायची ती आतल्या कप्प्यातून. अप्पांना याचा राग. "चांगला माल सोताला, भुगा आमाला!" तुम्ही नुसते हसायचात. मलाही वाटायचं, त्यातल्या त्यात बरं पान तुम्ही स्वतःसाठी ठेवता. तेवढा स्वार्थ माणसाला माफ असतो.

आपलं खरं भांडण वेगळं होतं, आणि ते अर्ध्यावर राहिलं. मी म्हणायचे, सोडा. तुम्ही म्हणायचात, "घरची हाय गं माय. दुकानाच्या पुडीत काय काय घालतात. हिच्यात फकस्त पान." संध्याकाळी वंदनेला बसलो की पाचवं शील म्हणताना मामी तुमच्याकडे बघून आवाज वाढवायची. नशेच्या वस्तूंपासून दूर राहण्याचं ते शील. एकदा वंदना संपल्यावर तुम्ही वकिलासारखे उभे राहिलात. "तथागतांच्या काळात तंबाखू आपल्याकडं आलतीच कवा? जी वस्तूच नव्हती, तिला मनाई कशी?"

मी म्हणाले, "तेव्हा वीजपण नव्हती. म्हणून काय उघड्या तारेला हात लावायचा?"

तुम्ही चटई गुंडाळायला लागलात. मी जिंकले असं मला वाटलं. मी रेणापूरला पोचले, दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवत होते, तेव्हा तुमचा फोन आला. "सुजे, तारेला हात लावायची मनाई न्हाई. हातमोजे घालून लावायचा." आणि फोन बंद. मी वर्गात खदाखदा हसले, आणि पोरं माझ्या हातातला खडू बघत राहिली. तंबाखूला हातमोजे नसतात मामा, हे उत्तर मला तुम्ही गेल्यावर सुचलं.

शाळेच्या फाटकावर आम्ही पाटी लावली होती, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू चालणार नाही. तुम्ही मला भेटायला डबा घेऊन आलात, पाटी वाचली, खिशातली चंची चाचपली आणि मागे वळलात. मी फाटकातून ओरडत होते, मामा, कुठं चाललात? तुम्ही रस्त्यानं विजेच्या खांबांकडे बघत चालत गेलात आणि तिसऱ्या खांबापाशी थांबलात. दोन खांबांमधलं अंतर तुम्हाला न मोजता कळायचं. "हितं तुझा कायदा संपतो," असं तिथून ओरडून सांगितलंत. त्यानंतर तुम्ही कधीही शाळेत आला नाहीत, त्या तिसऱ्या खांबापाशीच उभे राहायचात. मधल्या सुट्टीत मी तिथं यायची आणि आपण डब्यातली पिठलं-भाकर उभ्यानं खायचो. समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, मॅडम, आपल्या परिसरात नियम कोण पाळतं? मला एकच नाव सुचलं होतं, पण घेता आलं नाही. आता मधल्या सुट्टीत मी फाटकापर्यंत जाते. तिथून तिसरा खांब दिसतो.

यंदा तुम्ही सगळं नीट केलंत. मागच्या हिवाळ्यात पानं आतल्या खोलीत, सावलीत, अंतर ठेवून टांगली. बल्ब नाही, गूळ नाही, पापड नाही. पान तपकिरी झालं, मधली शीर कट्‌कन मोडली, तेव्हा पहाटेच्या ओलीत जुड्या बांधल्या आणि ट्रंकेत दाबून ठेवल्या. मी फोनवर म्हटलं, मामा, आता उघडायची नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्यावर माझाच भरवसा न्हाई." म्हणून किल्ली मामीकडे.

तुम्ही ती किती प्रकारे मागितलीत! झुरळ शिरलं म्हणालात. ट्रंकेत कुलर लावायची वायर राहिली म्हणालात. आजारी पडलात, दवाखान्यात नेलं, तिथंही मामीला जवळ बोलावलंत. तिला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय. तिनं कान खाली आणला. तुम्ही म्हणालात, "एकच जुडी. वास घेऊन परत ठिवतो." मामी म्हणाली, "घरी चला, मग देते." ते बोलणं तिनं आम्हाला हसत सांगायला सुरुवात केली होती. शेवटपर्यंत हसता आलं नाही.

तुम्ही गेल्यावरचा जलदान विधी झाला. पाहुणे जेवून पांगले. तुमच्या फोटोसमोर मेणबत्ती जळत होती. ओट्यावर मी, मामी आणि गुरुलिंगअप्पा. तुमची जागा रिकामी ठेवून अप्पा कडेला बसले होते. मग काहीतरी बोलायचं म्हणून अप्पा म्हणाले, "वैनी, मिश्री लावायची बंद केली का तुम्ही?"

मामीनं मान वर केली. "काय?"

"न्हाई, पुडी न्यायला आता कुणी येईना. पाहिजे तर पोराच्या हातून पाठवून देतो."

"कसली पुडी?"

"तंबाखूची की. तुमच्या मिश्रीसाठी लाईनमन दर हप्त्याला नेत होता. भाजायची लागते, चांगलीतली दे, म्हणायचा."

मामी म्हणाली, "अप्पा, म्या जन्मात मिश्री लावली न्हाई."

आम्ही तिघांनीही एकाच वेळी खुंटीकडे बघितलं. तिथं तुमची चंची टांगलेली होती. मामी उठली, चंची आणली, आतल्या कप्प्यात बोटं घातली आणि ओट्यावर झटकली. अप्पांनी चिमूट उचलली, नाकाला लावली. दुकानदार माणूस, आपला माल ओळखणारच.

"माझी हाय," अप्पा म्हणाले. "ह्या बाबानं मला इतकी वर्सं त्याची चारली, आन्‌ सोता माझी खाल्ली!"

मामा, तुमच्या जलदानाच्या दिवशी, पांढऱ्या साडीत, मामी पोट धरून हसली. अप्पा मांडी थोपटत होते. शेजारच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. आणि माझं काय झालं ते सांगते. 'घरची हाय गं माय' म्हणून तुम्ही माझं तोंड बंद करायचात, आणि मी त्या घरच्या तंबाखूविरुद्ध पुरावे गोळा करायची. माझं सगळं भांडण चुकीच्या तंबाखूशी चाललं होतं. म्हणजे ती वाईट होती, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आम्ही "यंदा बरी झाली" म्हणायचो तेव्हा तुम्ही आमची तोंडं बघत बसायचात.

हसणं ओसरल्यावर मामीनं कमरेची किल्ली सोडली. "चला. आता बघूनच टाकू."

ट्रंक आम्ही ओढून तुमच्या फोटोसमोर आणली. झाकण उघडताना तिघांनीही नाकाला पदर नि उपरणं लावायची तयारी ठेवली होती. गरज पडली नाही. वास गोडसर होता, वाळल्या गवताचा, मनुकांचा. पानं मऊ, बदामी, हातात घेतली तर चामड्यासारखी वळत होती. इतके महिने कुणी उघडून बघितलं नव्हतं, हात घातला नव्हता, फुंकर मारली नव्हती.

अप्पांनी पान तोडलं, शीर काढली, चुना लावून मळायला घेतलं. मामी सवयीनं आत गेली आणि तांब्या भरून आणून त्यांच्याशेजारी उभी राहिली. अप्पांनी बार ओठाखाली ठेवला. आम्ही त्यांच्या कानांकडे बघत होतो. कान लाल झाले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं नाही. ते शांतपणे बसून राहिले.

"कशी हाय?" मामीनं विचारलं.

"जमली, वैनी. माझ्या दुकानात असली न्हाई."

मामीनं तुमच्या फोटोकडे बघून म्हटलं, "ऐकलं का? जमली म्हणत्यात." पाण्याचा तांब्या तिच्या हातातच होता. अप्पांनी तो बघितला. त्यांना पाणी नको होतं. तंबाखू इतकी चांगली होती की पाणी मागायचं काही कारणच उरलं नव्हतं. ते उगाच धोतराचा सोगा नीट करत राहिले. मग उठून बाहेर जाऊन थुंकून आले आणि मामीला म्हणाले, "मागच्या वर्साची हाय का शिल्लक?"

मामी आत गेली. कोठीचं झाकण वाजलं. ज्वारीचे दाणे चिकटलेलं फडकं घेऊन ती आली. अप्पांनी गाठ सोडली, चिमूट घेतली, चुनासुद्धा नीट मळला नाही, तशीच ओठाखाली धरली. आधी कान लाल झाले. मग डोळे भरले, ते नुसत्या तंबाखूनं नव्हते एवढं मला कळत होतं. त्यांनी छातीवर हात मारला, तुमच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं आणि ठसक्यातून कसंबसं म्हणाले, "आला! आला गडी! वैनी, पाणी!"

मामीनं तांब्या पुढे केला. अप्पा तोंड लावून प्याले.

मी परत नोकरीवर आले. तुमची चांगली तंबाखू मामीनं फडक्यात बांधून ज्वारीच्या कोठीत टाकली. परवा तिचा फोन आला. ज्वारीला किडे लागलेत म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चांगल्या तंबाखूला किडे भीत नाहीत आणि अप्पा पाणी मागत नाहीत. अप्पा रोज येतात, चहा पितात, पण मागच्या वर्षीच्या जुड्या आता संपत आल्यात.

मी विचारलं, "मग आता काय करायचं, मामी?"

ती म्हणाली, "परसात वाफा केलाय. तुझ्या मामानं ठिवलेलं बी टाकलंय. तुझ्या समितीला सांगू नको." मग जराशी थांबली. "लावायची कशी ते म्या बघून ठिवलं होतं गं. बिघडवायची कशी, तेवढंच त्यांना विचारायचं राहून गेलं."